सात नंबरचं झाकण

१

मंगळवारी सकाळी एम्थोलेनी गावातल्या एकाही नळाला पाणी आलं नाही. नऊ वाजेपर्यंत निम्मं गाव सात नंबरच्या चेंबरभोवती गोळा झालं होतं, आणि मुखिया झोयिसिलेने म्झिमासीला बोलावणं धाडलं.

खरं तर म्झिमासीला कुणी घराबाहेर बोलवावं असे ते दिवस नव्हते. त्याच्या बायकोला, माद्लोमोला, माती देऊन तीनच दिवस झाले होते. बाहीवर काळ्या कापडाचा तुकडा शिवलेला होता. पण डोंगरातल्या टाकीपासून गावापर्यंत पाण्याच्या लाइनवर अकरा चेंबरं होती, आणि अकराही झाकणं त्याने स्वतःच्या हाताने ओतलेली होती.

आधी तिथे बिडाची झाकणं होती. ती वर्षभरात भंगारात गेली आणि त्यांच्या मागोमाग आतले पितळी व्हॉल्व्हही गेले. मग म्झिमासीने काँक्रीटची झाकणं केली. दोघांनाही हातांनी न उचलता येणारी, आणि मधोमध कुलूप. काँक्रीट भंगारात कोण घेणार? चार वर्षांत चोराला एकही झाकण जागचं हलवता आलं नव्हतं.

सातवं आता घणाने फुटून पडलं होतं. आतला व्हॉल्व्ह गायब होता. दोन्ही बाजूंना पाइपाची उघडी तोंडं तेवढी दिसत होती.

"हे फोडलं कुणी?" म्झिमासीने विचारलं.

"आम्हीच," मुखिया म्हणाला. "टाकीजवळचं चाक कुणीतरी बंद करून ठेवलं होतं. खुन्गेकानं ते उघडलं, तर गावात यायचं सोडून पाणी इथंच उसळायला लागलं. आत बघावं तर झाकणाला कुलूप."

"मग चावीनं उघडायचं."

सगळ्यांच्या माना खुन्गेकाकडे वळल्या.

खुन्गेका म्हणजे गावची पाणीवाली. वय एकोणतीस. लाइन तिच्या ताब्यात आणि चावीही तिच्याकडेच. चावी म्हणजे छातीपर्यंत येणारा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ आणि खाली पाचकोनी टोक. टोक कुलपात फिरवलं की कुलूप सुटतं. मग तेच टोक झाकणाच्या खाचेत अडकवून झाकण उचलायचं.

"चावी माझ्याकडं नाही," खुन्गेका खाली बघत म्हणाली.

"मग कुठं गेली? चुलीत घातलीस?" पाणी समितीचा अध्यक्ष फाकामिले गरजला. दोघेतिघे हसले.

म्झिमासी गुडघ्यांवर बसला. फुटलेल्या तुकड्यांतून त्याने कुलूप उचललं. जीभ बाहेर होती, म्हणजे कुलूप लागलेलंच होतं. कुठे ओरखडा नव्हता. खोबणीतल्या काळ्या ग्रीसमध्ये पाच कोनांचा ठसा स्वच्छ उमटलेला होता.

"तोलो," मुखियाने त्याला कुळाच्या नावाने हाक मारली, "हे तू केलेलं आहेस. सांग, चावीशिवाय हे कुलूप उघडून परत लावता येतं का?"

"नाही."

तो एकच शब्द बोलला. पण तो तोंडातून सुटला आणि त्याला दिसलं की खुन्गेकाच्या भोवतीची माणसं एकेक पाऊल मागे सरकली होती.

२

ठरलं ते असं. शुक्रवारी गावसभा भरेल. तोवर खुन्गेकाने चावी आणून द्यावी, नाहीतर काम गेलं आणि प्रकरण पोलिसांकडे.

म्झिमासीला घरात बसवेना. आपला शब्द खरा होता, पण त्याने पोरीच्या गळ्याला फास लागला होता. बुधवारी सकाळी तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला. ती अंगणात चवळी निवडत होती.

"ताता, तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात? निरोप धाडायचा होता."

"काल एका शब्दात तुझी वाट लावली मी. म्हणून आलो."

"तुम्ही खरं तेच बोललात."

"मग आता तू बोल. चावी कुणी चोरली?"

तिने मान हलवली.

"हरवली?"

"नाही."

"विकलीस?"

तिने अशा नजरेने पाहिलं की म्झिमासीने मान वळवली.

"अगं मग सांगून टाक ना! दोन लेकरं आहेत तुझी, आई आहे. उद्या पोलिस घेऊन गेले तर गावात तोंड दाखवता येईल का तुला?"

आतून तिच्या आईचा आवाज आला, "विचारा, विचारा! आम्ही कालपासून डोकं फोडून घेतोय. लहानपणी एवढी बडबड करायची की मी देवाला म्हणायचे, हिला थोडं गप्प कर. आता ऐकलं बघा त्यानं."

खुन्गेकाने हातातलं सूप खाली ठेवलं.

"ताता, सगळ्या गावानं विचारलं तरी मी ऐकून घेईन. पण तुम्ही नका विचारू. तुम्ही सोडून कुणीही विचारावं."

म्झिमासी फाटकापर्यंत गेला आणि थांबला. मी सोडून? मीच का सोडून?

३

तिथून तो फाकामिलेच्या दुकानात गेला. फाकामिले जाळीमागे बसून पावाच्या लाद्या मोजत होता. त्याला पाहताच उठला.

"ये तोलो, ये. बस. कोल्ड्रिंक घे. शनिवारी मला वरती मातीला येता आलं नाही, त्याची मनाला रुखरुख आहे बघ. हा गुडघा. तो डोंगर मला चढवत नाही. पण नंतर जेवायला होतो मी. बघितलंस ना?"

"बघितलं," म्झिमासी म्हणाला. त्या दिवशी त्याने काहीच बघितलेलं नव्हतं.

"तुझ्या बहिणीनं मटण काय शिजवलं होतं!"

"खुन्गेकाबद्दल विचारायला आलोय."

फाकामिलेने उसासा टाकला. "मला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण डोळ्यांनी बघितलेलं कसं नाकारू? सोमवारी उन्हं उतरताना मी बकऱ्या हाकायला गेलो होतो. ही सात नंबरवर उभी. हातात तो दांडा, मुठीला ते लाल फडकं. कुलूप उघडत होती."

"तेव्हाच का हटकलं नाहीस?"

"का हटकू? तिचं कामच ते. मला काय माहीत दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह नसेल म्हणून? व्हॉल्व्ह दिला कुणा भंगारवाल्याला आणि मागनं चावीही दिली. अजून दहा झाकणं आहेत, तोलो. चोराला चावी मिळाली तर तुझ्या काँक्रीटचा काय उपयोग?"

हे म्झिमासीच्या वर्मी लागलं.

"दुसरी चावी आहे ना एक?"

"ती शहरात, पाण्याच्या कार्यालयात. पहिल्या दिवसापासून कपाटात पडून आहे. गावात चावी एकच." फाकामिलेने पावाची लादी पुढे सरकवली. "घेऊन जा. आणि तू या भानगडीत पडू नकोस. तुझं दुःख ताजं आहे. आज सकाळीच शहराला पत्र धाडलंय मी, तिला कामावरून काढावी म्हणून. शुक्रवारी नुसतं शिक्कामोर्तब."

म्झिमासी पाव न घेताच निघाला. रस्ताभर तो त्या बोलण्यात फट शोधत होता. सापडत नव्हती. दांडा बरोबर, लाल फडकं बरोबर, वेळ बरोबर. फाकामिलेचं खरं असेल तर पोरगी चोर होती. मग ती चोरासारखी का वागत नव्हती? चोर खोटं बोलतो. ही खोटंही बोलत नव्हती.

४

गुरुवारी दुपारी त्याची थोरली बहीण नोसाखेले बादल्या घेऊन आली. मातीच्या दिवसापासून ती त्याच्याकडेच राहिली होती.

"टँकरपुढं एवढी रांग! आणि तो लुंडी, फाकामिलेचा जावई, स्टिअरिंगवर पाय टाकून बसलाय राजासारखा. फेरीमागं पैसे सुटतायत त्याला शहरातून. माणसाचं नशीब बघ."

"तू आज तिसऱ्यांदा पाणी आणलंस, सिसी. बस जरा."

"बसून कसं चालेल? शनिवारी थडगं खणलेली हत्यारं धुवायचीत. त्याला बिअर आंबवायला पाणी नको? पण एक आहे हं, पोरगा तत्पर आहे. मंगळवारी मी नळावर जायच्या आधीच टँकर फाटकात उभा. मी म्हटलं, हा काय करतोय इथं? तर म्हणतो, माय, बादल्या आणा, नळाला पाणी नाही. मी नळ फिरवून बघितला, तर खरंच नाही!"

म्झिमासीने मान वर केली. "तेव्हा तू काय करत होतीस?"

"कोंबड्या सोडत होते."

"म्हणजे पुरतं उजाडलंही नव्हतं. शहरापासून टँकरला किती वेळ लागतो?"

"तीन तास. टाकी भरायचा वेळ वेगळा." बोलता बोलता नोसाखेले थांबली. बादली तिने हळूच खाली ठेवली. "अरे देवा. त्याला कुणी सांगितलं मग? नळ कोरडे आहेत हे गावालाच माहीत नव्हतं."

म्झिमासी उठला. अंगणात गेला, परत आत आला, परत बाहेर गेला. टँकर आधी येऊन उभा होता, म्हणजे पाणी बंद पडणार हे सासऱ्याला नाहीतर जावयाला ठाऊक होतं. पण कुलूप चावीनेच उघडलेलं होतं. आणि चावी गावात एकच. टँकरवरून संशय घेता येईल, पण खुन्गेका सुटणार नाही.

फिरता फिरता तो साच्यांच्या शेडमध्ये आला. भिंतीला काँक्रीटची एक चौकोनी फरशी टेकवून ठेवलेली होती. तीही त्यानेच ओतली होती, माद्लोमो गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. घर बायकांनी भरलं होतं, आत गाणी चालली होती, आणि त्याच्या हातांना काहीतरी काम हवं होतं. खड्ड्यात शवपेटीवर ठेवायला फरश्या लागतातच. त्याने पाच ओतल्या. चार खड्ड्यात गेल्या, ही एक उरली.

त्याने फरशीवरून हात फिरवला आणि बोट खाचेत गेलं.

पाचकोनी खाच. एक इकडे, एक तिकडे.

त्याला धड समजायलाच वेळ लागला. त्या दिवशी त्याने झाकणांचेच साचे वापरले होते. सवयीने. चार वर्षं जे केलं, तेच हातांनी केलं होतं. बायकोच्या थडग्याला त्याने पाण्याच्या चेंबरची झाकणं ओतली होती. कडी नाही, दोरी अडकवायला जागा नाही. आणि वजन असं की दोघांना उचलवणार नाही.

मग शनिवारी त्या फरश्या खाली उतरल्या कशाने?

तो खड्ड्याच्या काठाशीच उभा होता. पेटीवरची घोंगडी त्याला आठवत होती, तिची किनार आठवत होती. बाकी काहीच नाही. गाव जेवायला खाली उतरलं होतं; फरश्या खड्डा खणणाऱ्या चार पोरांनीच बसवल्या, आणि ती केप टाऊनहून आणि खाणीवरून आलेली होती. रविवारच्या गाडीने ती कामावर परतलीही.

त्याने अंगणाच्या टोकाला पाहिलं. भिंतीशी ताडपत्रीखाली कुदळी-फावडी ठेवलेली होती, गवताच्या दोरीने बांधून. थडग्याला लागलेलं हत्यार मृताच्या घरीच राहतं. बिअर शिंपून धुतल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही, मग ते कुणाकडून मागून आणलेलं का असेना.

म्झिमासी तिथपर्यंत गेला आणि गाठीकडे हात नेला.

"म्झिमासी!" नोसाखेले दारातून ओरडली. "अजून धुतलेली नाहीत ती! डोकं फिरलंय का तुझं?"

त्याचा हात तसाच थांबला.

५

त्याने गाठ सोडली नाही. तो तडक मुखियाकडे गेला आणि म्हणाला, "उद्याची सभा माझ्या अंगणात घे."

"दुखवट्याच्या घरी? का?"

"एक वस्तू आहे, तिला तिकडं आणता येत नाही. सभेला इकडं येता येतं."

शुक्रवारी गाव म्झिमासीच्या अंगणात बसलं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. खुन्गेका आईजवळ बसली होती. फाकामिले खुर्ची घेऊन आला होता. टँकर खाली रस्त्यावर उभा होता आणि लुंडी फाटकाला टेकून बघत होता.

"अध्यक्ष," म्झिमासी म्हणाला, "मला जे सांगितलंस, ते सगळ्यांना सांग."

फाकामिलेने सांगितलं. सोमवार, उतरती उन्हं, बकऱ्या, सात नंबर, दांडा, लाल फडकं.

"तारीख-वार चुकत नाहीस ना?"

"मी दुकानदार आहे, तोलो. सोमवारी माझा पाव येतो. वार कसा चुकेन?"

"बरं. मुखिया, शनिवारी संध्याकाळी ताडपत्रीची ही गाठ कुणी मारली?"

"मी. पोरं हत्यारं झाकून ठेवतात, वरून गाठ दरवेळी मीच मारतो."

"ये, बघ. तुझीच आहे?"

मुखिया वाकला. गाठ उलटसुलट बघितली. "माझीच. जशीच्या तशी."

"सोड."

बायकांत कुजबूज उठली. एक म्हातारा म्हणाला, "तोलो, उद्यापर्यंत थांब की."

"उद्यापर्यंत पोरगी पोलिसांकडे असेल. माती माझ्या घरची आहे, दोष लागला तर मला लागेल. कुणी हात लावू नका, नुसतं बघा."

मुखियाने गाठ सोडली आणि म्झिमासीने ताडपत्री बाजूला केली.

चार फावडी होती, तीन कुदळी होत्या, आणि त्यांच्यामध्ये आडवा पडलेला लोखंडी दांडा. मुठीला लाल फडकं.

मागच्या रांगेतली माणसं बघायला उठून उभी राहिली.

"टोकाकडे बघा," म्झिमासी म्हणाला. "वरच्या टेकडीची पिवळी माती वाळून घट्ट बसलीय, पाचही कोनांवर. हे टोक ग्रीसच्या कुलपात एकदा जरी फिरलं असतं तरी ती राहिली असती का? शनिवारपासून हा दांडा इथं आहे. मग सोमवारी खुन्गेकाच्या हातात काय होतं, अध्यक्ष?"

"लांबून बघितलं मी..." फाकामिले म्हणाला. "दुसरा एखादा दांडा असेल..."

"लांबून लाल फडकं दिसलं, म्हणालास."

"मग रविवारी बघितलं असेल."

"रविवारीही तो इथंच होता. आणि त्याआधीचा वार सांगशील, तर सोमवारपर्यंत नळाला पाणी होतं. तू मातीला येऊन फरश्या बसेपर्यंत थांबला असतास तर तुला कळलं असतं हा दांडा कुठं गेलाय. पण तू नुसता जेवायला आलास."

बायकांमधून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "दोनदा वाढून घेतलं त्यानं!"

म्झिमासी खुन्गेकाकडे वळला. "आता बोलशील?"

ती उभी राहिली. "शुक्रवारी संध्याकाळी खड्डा खणणारी पोरं माझ्याकडं आली. म्हणाली, ताताच्या फरश्यांना खाचा आहेत, तुझ्या दांड्याशिवाय त्या उतरणार नाहीत. चावी हातची सोडली तर काम जातं, हा नियम मला माहीत होता. पण माद्लोमोवर फरश्या काय ढकलून टाकायच्या? मी दिला. वाटलं, सोमवारी मागून घेईन. मग लक्षात आलं, धुवेपर्यंत तो मिळणार नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू, ताता? तुम्ही बायकोला झाकणाच्या साच्यातल्या फरश्या घातल्या म्हणून? तुम्हाला तेव्हा कळलेलंही नव्हतं. तीन दिवस झाले होते."

नोसाखेलेने शालीच्या टोकाने डोळे पुसले आणि मग तिचाच आवाज चढला. "आणि टँकर? मंगळवारी कोंबड्या खुराड्यात होत्या आणि टँकर फाटकात होता! त्याला काय स्वप्न पडलं होतं?"

"ही चावी इथं होती," म्झिमासी म्हणाला. "तरी कुलूप चावीनंच उघडलं. म्हणजे दुसरीनं. मुखिया, शहरात फोन लाव."

मुखियाने सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला. कार्यालयातल्या बाईने कपाट उघडून, वही बघून सांगितलं, "एम्थोलेनीची चावी ना? ती एप्रिलमध्ये तुमच्या अध्यक्षांनी नेलीय, तपासणीसाठी. परत आल्याची नोंद नाही. सही वाचून दाखवू का?"

"नको," मुखिया म्हणाला. "सही समोर बसलीय."

त्याच क्षणी खाली रस्त्यावर टँकरचं इंजिन सुरू झालं. सगळे उठून फाटकाकडे धावले. लुंडी वळणापार गेलाही होता, आणि मागे नुसता धुरळा होता.

६

फाकामिलेच्या दुकानात पिठाच्या पोत्यामागे दुसरी चावी सापडली. पोलिस त्याला घेऊन गेले. जाताना तो म्हणाला की सगळं जावयाचं डोकं होतं, टँकरच्या फेऱ्या मिळाव्यात म्हणून, आणि आपल्याला मुलीचं तोंड बघून हो म्हणावं लागलं. त्यातलं किती खरं ते कुणी विचारलं नाही. मुखियाने एवढंच विचारलं, "खुन्गेकाही कुणाची मुलगी आहे, हे सुचलं नाही का?"

शनिवारी बायकांनी झऱ्यावरून पाणी आणलं आणि हत्यारं धुतली. म्झिमासीने दांडा स्वतः घासला, पाचही कोन साफ केले, आणि दोन्ही हातांनी खुन्गेकाला दिला.

"ताता, फरश्यांचं मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "गावात इतकी घट्ट झाकणं दुसऱ्या कुणाला मिळाली नाहीत."

मातीनंतर तो पहिल्यांदा हसला. मग शेडमध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

सातव्या चेंबरवर त्याने नवं झाकण बसवलं आहे. आत व्हॉल्व्ह नाही. जुना लुंडीबरोबर गेला आणि नवा शहराने अजून दिलेला नाही. म्हणून गावातल्या मुलांना रोज पाण्यासाठी झऱ्याला जावं लागतं. खुन्गेका रोज सकाळी दांडा खांद्यावर टाकून लाइनवर जाते, पण कागदावर ती कामावरून काढलेली आहे. फाकामिलेने बुधवारी धाडलेलं पत्र मागे घ्यायचं तर त्यावर समितीच्या अध्यक्षाची सही लागते. नवा अध्यक्ष गावाने अजून निवडलेला नाही.